पहिल्या घासाची तळी

सागरी मत्स्यशेतीची चर्चा आपल्याकडे पिंजरे, निर्यात आणि अनुदान या तीन शब्दांभोवती फिरते. २०२२-२३ मध्ये देशातून १७ लाख टनांहून अधिक मासळी परदेशी गेली आणि त्यातून सुमारे ६४ हजार कोटी रुपये आले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या रकमेत सर्वांत मोठा वाटा गोठवलेल्या कोळंबीचा असतो आणि तळ्यात वाढवलेल्या कोळंबीवर २००९ पासून आपल्याकडे आलेल्या व्हेनामी या एकाच परदेशी जातीचे वर्चस्व आहे, याकडे मात्र कमी लक्ष जाते. एका जातीवर आणि मोजक्या गिऱ्हाईक देशांवर उभा राहिलेला धंदा किती लवकर हादरतो, हे अमेरिकेच्या वाढीव आयातशुल्काने २०२५ मध्ये दाखवून दिले. जिताडा, हेकरू, तांबोशी, पॉम्पॅनो, कोबिया हे मासेही तळ्यात किंवा पिंजऱ्यात वाढवता येतात, त्यांना घरच्या बाजारातच चांगला भाव मिळतो आणि किनाऱ्यावर ते वाढवायला तयार असलेली माणसेही आहेत. अडते ते बियाण्यापाशी. आणि बियाणे अडते ते अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या पहिल्या दहा-पंधरा दिवसांपाशी, त्याच्या तोंडात जाणाऱ्या पहिल्या घासापाशी. हा घास कोपेपॉडांचा असावा, तो उघड्यावरच्या मातीच्या तळ्यांत पिकवता येतो आणि अशी तळी हॅचरीचा आवश्यक भाग मानून किनारी राज्यांनी ती उभी करावीत, असे माझे म्हणणे आहे.

कोपेपॉड हा कोळंबी-खेकड्यांच्याच गोतातला कवचधारी जीव. पूर्ण वाढलेला कोपेपॉड बहुधा एखाद-दोन मिलिमीटरच्या आतच असतो, त्याचे पिल्लू तर नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. समुद्रात आणि खाडीत तो अफाट संख्येने असतो आणि बहुतेक सागरी माशांची पिल्ले निसर्गात त्याच्यावरच जगतात. माशाचे पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर पहिले दोन-तीन दिवस पोटाखालच्या पिशवीतल्या बलकावर तगते. तेवढ्यात त्याचे तोंड उघडते, डोळे काम करू लागतात, आणि त्यानंतर थोड्या अवधीत योग्य मापाचे, हलणारे अन्न समोर आले नाही तर ते उपासमारीने मरते. हेकरूसारख्या माशाच्या पिल्लाचे तोंड इतके लहान असते की नेहमीचे जिवंत खाद्यही त्यात मावत नाही. कोपेपॉडचे नवजात पिल्लू, ज्याला नॉप्लियस म्हणतात, साधारण शंभर मायक्रॉनच्या आगेमागे असते, काही जातींत त्याहूनही लहान. पुढे नॉप्लियसच्या सहा आणि त्यानंतरच्या पाच अवस्था पार करून ते प्रौढ होते. म्हणजे एकाच तळ्यातून माशाच्या पिल्लाच्या वाढत्या तोंडाला पुरेल असे लहानापासून मोठ्यापर्यंतचे खाद्य मिळते. शिवाय त्याची झटका देऊन थांबण्याची, पुन्हा झटका देण्याची चाल पिल्लाला शिकारीला उद्युक्त करते. लाखो वर्षे हे दोघे एकमेकांसोबत घडले आहेत, त्यामुळे हा मेळ असा जमतो यात आश्चर्य नाही.

हॅचऱ्यांत मात्र आज दुसरेच दोन जीव राज्य करतात: रोटिफर आणि आर्टेमिया. १९३० च्या दशकात अमेरिकेत आल्विन सील आणि नॉर्वेत गुन्नार रोलेफसेन यांनी आर्टेमियाची पिल्ले माशांच्या पिल्लांना चालतात हे दाखवले. रोटिफरचा वापर जपानमध्ये १९६० च्या सुमारास सुरू झाला. दोन्ही शोध मोठे आहेत. त्यांच्याशिवाय आजची सागरी मत्स्यशेती उभीच राहिली नसती. आर्टेमियाची सोय तर विलक्षण आहे. तिची सुकलेली अंडी डब्यात वर्षानुवर्षे टिकतात, खाऱ्या पाण्यात टाकली की साधारण चोवीस तासांत पिल्ले तयार. पण या अंड्यांचा जगातला एक प्रमुख स्रोत अमेरिकेतील युटा राज्यातले ग्रेट सॉल्ट लेक हे एकच सरोवर आहे, आणि २०२२ मध्ये त्याची पातळी नोंदींच्या इतिहासात सर्वांत खाली गेली होती. पाणी आटले की खारटपणा वाढतो आणि एका मर्यादेपलीकडे आर्टेमियालाही तो सोसत नाही. आपल्या हॅचऱ्यांनी आपला पहिला घास पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूच्या, आटत चाललेल्या एका तळ्याच्या भरवशावर ठेवावा, ही गोष्ट मला गंभीर वाटते.

त्याहून मोठा प्रश्न पोषणाचा आहे. सागरी माशाच्या पिल्लाचा मेंदू, डोळ्याचा पडदा आणि मज्जासंस्था घडण्यासाठी डीएचए नावाचे स्निग्धाम्ल लागते. रोटिफर आणि आर्टेमिया या दोघांतही ते निसर्गतः जवळजवळ नसते. म्हणून हॅचरीत त्यांना तेलाची द्रावणे किंवा खास शैवाल पाजून ‘समृद्ध’ करावे लागते. त्यात खर्च आहे, तेलकट पाण्यात जिवाणू माजण्याचा धोका आहे, आणि आर्टेमिया तर पोटात गेलेले डीएचए पुन्हा मोडून टाकते, त्यामुळे समृद्ध केल्यावर ती लवकर खाऊ घालावी लागते. कोपेपॉड हे स्निग्धाम्ल शैवालातून स्वतः साठवतो आणि तेही मोठ्या प्रमाणात फॉस्फोलिपिडच्या रूपात, जे पिल्लाच्या कच्च्या आतड्याला पचवायला सोपे जाते. आयोडीन, ॲस्टाझँथिन, टॉरिन यांचे प्रमाणही त्याच्यात चांगले असते. हे कागदावरचे गणित नाही. नॉर्वेत हॅलिबट या मोठ्या चपट्या माशावर झालेल्या कामातून त्याचा ठळक पुरावा मिळाला. चपट्या माशात, आपल्या लेपेत असते तसेच, वाढताना एक डोळा सरकून दुसऱ्या बाजूला जातो. आर्टेमियावर वाढवलेल्या हॅलिबटच्या पिल्लांत अंगावर पांढरे डाग राहणे आणि डोळा अर्धवटच सरकणे ही व्यंगे फार आढळत. कोपेपॉडांवर वाढलेल्या पिल्लांत ती लक्षणीयरीत्या कमी होती. फिलिपीन्समधील इलोइलोजवळच्या आग्नेय आशियाई मत्स्यविकास केंद्राने १९९० च्या दशकात हेकरूच्या पिल्लांना कोपेपॉडांचे नॉप्लियस दिले, तेव्हा त्यांची वाढ आणि जगण्याचे प्रमाण दोन्ही सुधारले. हवाईतील संशोधकांनी २०१५ मध्ये यलो टँग हा शोभेचा मासा बंदिस्त जागेत प्रथमच मोठ्या संख्येने वाढवला तोही एका अगदी लहान कोपेपॉडाच्या आधारानेच.

मग हे खाद्य हॅचरीच्या टाकीतच का वाढवू नये? कारण कोपेपॉडाला गर्दी सोसत नाही. रोटिफर एका मिलिलिटरमध्ये शेकड्यांनी, चांगल्या यंत्रणेत हजारांनी राहतात. अकार्टियासारखे कोपेपॉड एका मिलिलिटरमध्ये एक-दोन प्रौढांपलीकडे गेले की अंडी घालणे मंदावते आणि एकमेकांची पिल्लेही ते खाऊ लागतात. त्यांना पाणी खूप लागते, आणि छपराखालचे, हवा भरलेले, गाळलेले पाणी सर्वांत महाग. उघड्या तळ्यात तेच पाणी सर्वांत स्वस्त. दहा गुंठ्यांचे, एक मीटर खोल तळे धरले तर त्यात सुमारे दहा लाख लिटर पाणी मावते. लिटरमागे फक्त शंभर नॉप्लियस धरले, तरी त्या तळ्यात एका वेळी दहा कोटी जीव असतात, आणि कोकणातल्या उबदार पाण्यात उष्णकटिबंधीय जातींची एक पिढी एक-दोन आठवड्यांत पूर्ण होते. रोज थोडे काढले तर तळे ते भरून काढते. ऊन, शैवाल आणि वारा यांचे काम फुकट मिळते. टाकीत जी मर्यादा अडथळा ठरते, ती तळ्यात अडथळा राहत नाही.

तळ्याचे काम सोपे आहे, पण शिस्तीचे आहे. आधी तळे पूर्ण उपसून तळ वाळू द्यायचा, चुना टाकायचा. जिथे पाणी पूर्ण निघत नाही तिथे उरलेले शिकारी मासे मोहाच्या पेंडीने मारायचे. तिच्यातल्या सॅपोनिनने मासे मरतात आणि काही आठवड्यांत पेंड कुजून तिचेच खत होते. मग भरतीचे पाणी बारीक जाळीतून गाळून घ्यायचे, म्हणजे माशांची अंडी-पिल्ले बाहेर राहतात आणि कोपेपॉडांची पिल्ले आत येतात. युरिया आणि सुपर फॉस्फेट थोड्या-थोड्या मात्रेत दिले की काही दिवसांत पाणी हिरवट-तपकिरी होते. पहिल्यांदा रोटिफर वाढतात, मग दोन-तीन आठवड्यांत कोपेपॉड मुख्य होतात. अकार्टियासारख्या काही जातींची अंडी तळाच्या गाळात सुप्त पडून राहतात आणि पाणी भरले की उबतात. म्हणून चांगल्या तळ्याचा गाळ पुढच्या हंगामासाठी राखणे हे विरजण राखण्यासारखे आहे. काढणी पहाटे किंवा रात्री, दिव्याकडे ओढल्या जाणाऱ्या जिवांवर बारीक जाळी लावून करता येते. वेगवेगळ्या मापांच्या जाळ्या एकापाठोपाठ लावल्या की नॉप्लियस वेगळे आणि मोठे वेगळे निघतात. सर्वांत नाजूक गोष्ट आहे प्राणवायूची. खत जास्त झाले, आभाळ भरून आले, शैवाल एकदम मेले, की पहाटे पाण्यातला प्राणवायू संपतो आणि एका रात्रीत सगळे तळे जाते. खत हात राखून देणे आणि पहाटे पाणी तपासणे, एवढ्या दोन सवयींवर पुष्कळ काही अवलंबून आहे.

या सगळ्यात भारतासाठी नवीन काय आहे? जवळजवळ काहीच नाही, आणि माझ्या युक्तिवादाचा खरा आधार तिथेच आहे. गोड्या पाण्यात आपण हे दीर्घकाळ करत आलो आहोत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. तो दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. पण इंजेक्शनाने फक्त जिरे, म्हणजे अंड्यांतून नुकतीच निघालेली पिल्ले, मिळाली. त्या जिऱ्याची बोटुकली झाली ती संवर्धन तळ्यांमुळे: शेण, भुईमुगाची पेंड आणि सुपर फॉस्फेट घालून आधी प्लवक वाढवायचे, जाळीत गाळून त्याचे प्रमाण मोजायचे, साबण-तेलाच्या मिश्रणाने पाणकिडे मारायचे आणि मगच जिरे सोडायचे. विदर्भापासून बंगालपर्यंत हजारो मच्छीमार सहकारी संस्थांना ही पद्धत पाठ आहे. रोहू-कटल्याचे बियाणे देशभर स्वस्त झाले त्यात या तळ्यांचा वाटा इंजेक्शनाइतकाच आहे. सागरी बाजूला आपण प्रजननाचा पहिला भाग उत्तम केला. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यपालन संस्थेने १९९७ मध्ये जिताड्याचे बंदिस्त प्रजनन केले. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मंडपम येथे २०१० मध्ये कोबियाचे आणि २०११ मध्ये सिल्व्हर पॉम्पॅनोचे प्रजनन साधले. दुसरा भाग, म्हणजे तळ्यातला पहिला घास, मात्र आपण डब्यावर सोपवला. केरळातल्या विळिंजम येथे कोपेपॉडांच्या सागरी जाती प्रयोगशाळेत जोपासण्याचे चांगले काम झाले आहे. ते प्रयोगशाळेतून तळ्यापर्यंत आणि तळ्यातून धंद्यापर्यंत नेण्याची जबाबदारी आता धोरणाची आहे.

तैवानने हे कसे केले ते पाहण्यासारखे आहे. तिथली टायगर कोळंबीची तळी १९८० च्या दशकाच्या अखेरीस रोगराईने कोसळली. पुढे हेकरूची शेती वाढली ती कामांची वाटणी करून: कोणी फक्त अंडी विकतो, कोणी पिल्ले वाढवतो, कोणी बोटुकल्या मोठ्या करतो. त्याच साखळीत दक्षिण तैवानमध्ये मातीच्या तळ्यांत स्युडोडायप्टोमस आणि अपोसायक्लॉप्स या कोपेपॉडांची पैदास करून ते जिवंत विकणे हा स्वतंत्र व्यवसाय बनला. हॅचरीवाल्याला तळे सांभाळावे लागत नाही आणि तळेवाल्याला हॅचरीचे भांडवल लागत नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडने आणखी एक पाऊल टाकले. तिथे बॅरामुंडी, म्हणजे आपला जिताडाच, त्याची दोन-तीन दिवसांची पिल्ले थेट खतवलेल्या तळ्यात सोडून नैसर्गिक प्लवकावर वाढवण्याची पद्धत बसवली गेली. जिताडा रोटिफर-आर्टेमियावरही बऱ्यापैकी वाढतो, हे खरे आहे. म्हणजे त्याच्यासाठी कोपेपॉड अपरिहार्य नाहीत. तरीही तळ्याची पद्धत तिथे टिकली, कारण ती कमी मजुरीत होते. अलिबाग-पेण-उरण भागात घराजवळच्या तळ्यात जिताडा वाढवण्याची जुनी रीत आहे, पण त्याचे बियाणे बहुतेक वेळा खाडीतूनच पकडून आणले जाते. ज्या जिल्ह्याने हा मासा तळ्यात आणला, त्याने बियाण्यासाठी खाडीवर अवलंबून राहावे, याला तंत्राची कमतरता हे कारण आता उरलेले नाही.

या सूचनेवरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा की उघडे तळे बेभरवशाचे असते. हॅचरीला अमुक तारखेला, सकाळी आठ वाजता, अमुक इतके खाद्य हवे असते. तळे आज भरभरून देते आणि पुढच्या आठवड्यात रिकामे पडते. याला नॉर्वेचा दाखला जोडला जातो. तिथे फ्लोडेव्हिगेन येथे १८८० च्या दशकातच कॉडची पिल्ले समुद्राच्या पाण्याच्या कुंडात वाढवून पाहिली होती, आणि १९८० च्या दशकात बर्गनजवळच्या हिल्ट्रोपोलेनसारख्या बंदिस्त खाजणांत नैसर्गिक प्लवकावर हजारो पिल्ले तयार झाली. तरीही पुढे त्या उद्योगाने इमारतीतल्या रोटिफर-आर्टेमियाची वाट धरली. हे सगळे बरोबर आहे. पण नॉर्वेत प्लवकाचा बहर वसंत आणि उन्हाळ्यातल्या थोड्या आठवड्यांचा. उरलेले वर्ष थंडीचे आणि अंधाराचे. आपल्याकडे ऑक्टोबर ते मे असे सलग आठ महिने ऊन आणि ऊब मिळते. आणि खाद्याचे नियंत्रण हाती आले तरी पोषणाचा प्रश्न तिथेही सुटला नव्हता, म्हणूनच त्याच देशात पुढे अकार्टियाची अंडी व्यापारी पातळीवर तयार करण्याचे प्रयत्न झाले. बेभरवशावरचा उपाय एकच तळे अधिक चांगले करणे हा नाही. लहान-लहान चार-पाच तळी करून त्यांना आठवड्याच्या अंतराने खत द्यावे, म्हणजे एक बसले तर दुसरे चालू असते. रोटिफरची टाकी आधाराला ठेवावी. पहिल्या दहा दिवसांत खाद्याचा निम्मा भाग जरी कोपेपॉडांचा झाला, तरी त्याचा लाभ होतो. सगळे किंवा काहीच नाही, अशी ही निवड नाही.

रोगाचा आक्षेप मला अधिक चिंतेचा वाटतो. कोपेपॉड हे अनेक परजीवी कृमींचे मधले यजमान असतात. कोळंबीचा पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू, ज्याने १९९० च्या दशकाच्या मध्यापासून भारतीय कोळंबीशेतीचे अतोनात नुकसान केले, तो त्यांच्यात आढळला आहे. सागरी माशांच्या पिल्लांना मारणारा नोडाव्हायरसही खाडीच्या पाण्यातून येऊ शकतो. म्हणून खाडीचे पाणी थेट घेऊन त्यातले प्लवक सरळ हॅचरीत ओतणे मी कधीही सुचवणार नाही. तळे आणि खाडी यांच्यातला फरक इथेच महत्त्वाचा ठरतो. कृमीचे चक्र पूर्ण व्हायला मासा लागतो, बहुधा पक्षीही. ज्या तळ्यात मासा नाही, ज्यावर पक्ष्यांना अडवणारे जाळे आहे आणि जे प्रत्येक हंगामात वाळवले जाते, तिथे ते चक्र तुटते. विषाणूसाठी पाणी आधी साठवून, क्लोरीन देऊन, मग प्रयोगशाळेतून आणलेल्या शुद्ध वाणाचे विरजण लावावे. काढलेले प्लवक स्वच्छ पाण्यात धुवावे, ठराविक काळाने पीसीआर तपासणी करावी आणि अशी तळी कोळंबीच्या फार्मपासून दूर ठेवावीत. यात खर्च आणि कष्ट दोन्ही आहेत. पण डब्यातल्या आर्टेमियाबरोबरही जिवाणू येतात आणि चांगली हॅचरी अंड्यांची कवचे काढून ती निर्जंतुक करते. जिवंत खाद्याला सावधगिरीतून सूट कुठेच नाही.

महाराष्ट्रात आणखी एक भीती निघेल, आणि ती अनाठायी म्हणून उडवून लावणे बरे नाही. कोपेपॉडांच्या कुळातला सायक्लॉप्स आपल्या जुन्या पिढीला नारूमुळे ठाऊक आहे. पायविहिरीत उतरून पाणी भरणाऱ्या गावांनी या रोगाच्या यातना सोसल्या आहेत. पाणी गाळून पिण्याच्या आणि विहिरी सुरक्षित करण्याच्या मोहिमेमुळे देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये नोंदला गेला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. नारूचे चक्र चालू राहण्यासाठी नारू झालेला माणूस पिण्याच्या गोड्या पाण्यात उतरावा लागतो. खाऱ्या तळ्यात, जिथले पाणी कोणी पीत नाही, ते शक्य नाही. सायक्लॉप्सवरचा दुसरा आक्षेप मत्स्यशेतकऱ्यांचा आहे आणि तो खरा आहे: मोठे सायक्लॉप्स लहान जिऱ्यावर हल्ला करतात, म्हणून कार्पच्या संवर्धन तळ्यात ते फार वाढू नयेत याची काळजी घेतली जाते. यावरून दोन धडे मिळतात. अगदी लहान पिल्लांना फक्त गाळून वेगळे केलेले नॉप्लियस द्यावेत, आणि शक्य तिथे शैवालभक्षी कॅलॅनॉइड गटातल्या जाती निवडाव्यात. याच शिकारी सवयीचा व्हिएतनामने उत्तम उपयोग केला. तिथे घरगुती पाणीसाठ्यांत मेसोसायक्लॉप्स सोडून डेंगीच्या डासांच्या अळ्या आटोक्यात आणल्या. तळ्यांमुळे डास वाढतील अशी शंका घेणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

आता पैशाची गोष्ट. तळ्याचे समर्थक अनेकदा म्हणतात की त्यामुळे आर्टेमियाचा खर्च वाचेल. मला हा मुद्दा कमकुवत वाटतो. चांगल्या प्रतीच्या एक ग्रॅम अंड्यांतून दोन-तीन लाख पिल्ले निघतात, म्हणजे सव्वाचारशे ग्रॅमच्या एकाच डब्यात दहा कोटींच्या आसपास जीव असतात, दहा गुंठ्यांच्या तळ्यात मी वर मोजले तेवढेच. निव्वळ डोकी मोजली तर डबा तळ्याला सहज टक्कर देतो, आणि कोळंबीच्या हॅचरीतून तो जाणारही नाही. तळ्याची किंमत वेगळ्या ठिकाणी वसूल होते. आर्टेमियाचे नवे पिल्लू चारशे मायक्रॉनहून मोठे असते. ज्या माशाच्या तोंडात ते मावतच नाही, त्याच्यासाठी डबा फुकट मिळाला तरी निरुपयोगी आहे. हेकरूसारख्या माशाचे अंडे, जनक माशांची वर्षभराची देखभाल, संप्रेरके, वीज, मजुरी हे सगळे आधीच खर्च झालेले असते. त्यानंतर पहिल्या पंधरवड्यात टाकीतली बहुतेक पिल्ले मेली तर तो सगळा खर्च उरलेल्या मूठभर बोटुकल्यांच्या डोक्यावर बसतो. जगणाऱ्या पिल्लांचे प्रमाण थोडे वाढले तरी बियाण्याचा भाव उतरतो, आणि व्यंग नसलेला मासा विकताना भाव पडत नाही. हिशेब डब्याशी मांडण्याऐवजी जगलेल्या बोटुकलीशी मांडला पाहिजे.

जागेचा प्रश्न कोकणात आणि गोव्यात नाजूक आहे. खारफुटी तोडून तळी खणणे हा मार्ग बंदच असला पाहिजे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात खारफुटीला दिलेले संरक्षण योग्य आहे आणि खारफुटी ही स्वतः माशांच्या पिल्लांची पाळणाघर-भूमी आहे. पण कोपेपॉडांना फार जागा लागत नाही. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात खार बंधाऱ्यांच्या आत कसण्याचे सोडून दिलेले तुकडे आहेत, गोव्यात मानशी, म्हणजे पाणी अडवणारी दारे, असलेली खाजणे आहेत, जुनी कोळंबीची तळी आहेत. एका हॅचरीला एक-दीड एकरात चार-पाच तळी पुरतात, आणि त्यांत कोळंबीसारखे टनावारी खाद्य टाकले जात नाही, त्यामुळे सांडपाण्याचा भारही कमी असतो. तरीही खतवलेले पाणी खाडीत सोडण्याआधी निवळू देण्याची अट हवीच. पावसाळ्यात खाडीचा खारटपणा जवळजवळ नाहीसा होतो. स्युडोडायप्टोमस ॲनँडेलीसारख्या आपल्या किनाऱ्यावर आढळणाऱ्या जाती खारटपणाचा मोठा फरक सोसतात, तरी या चार महिन्यांत मोठ्या तळ्यांवर विसंबू नये. छपराखालच्या लहान टाक्यांत वाण जपावे आणि ऑक्टोबरात पुन्हा तळी लावावीत.

हे काम सुरू करायला नवा कायदा किंवा नवे महामंडळ लागत नाही. २०२० पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्क्यांपर्यंत अर्थसाह्याची तरतूद आहे. मत्स्यव्यवसाय खात्याने सागरी हॅचरीच्या प्रत्येक प्रस्तावात कोपेपॉडांच्या तळ्यांची अट घालावी आणि तैवानप्रमाणे नुसती तळी चालवून जिवंत खाद्य विकणाऱ्या बचतगटांना व सहकारी संस्थांना स्वतंत्र लाभार्थी मानावे. रत्नागिरीच्या शिरगाव येथील मत्स्य महाविद्यालयाने खाडीतल्या स्थानिक जातींचे शुद्ध वाण राखून ते मागणीप्रमाणे पुरवावे, आणि वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेने तळ्यांच्या रोगतपासणीची जबाबदारी घ्यावी. पहिल्या तीन हंगामांत कोणत्या तळ्यातून लिटरमागे किती नॉप्लियस निघाले, कोणती तळी का बसली आणि त्या खाद्यावर किती पिल्ले जगली, याच्या नोंदी लोकांसमोर ठेवल्या जाव्यात, अपयशाच्या नोंदींसह. मोहाची पेंड, सुपर फॉस्फेट, बारीक जाळी आणि भरतीचे पाणी या चारही गोष्टी आपल्याकडे आहेत. येत्या ऑक्टोबरात किनाऱ्यावरच्या किमान एका सरकारी केंद्राने पहिली चार तळी भरावीत, आणि मत्स्यव्यवसाय खात्याने त्यासाठीचा निधी या पावसाळ्याआधीच मंजूर करावा.